वढवाण्याचे तळे : सहलीपूर्वीचा एक पाठ

मराठ्यांचा इतिहास शिकलेल्या विद्यार्थ्याला डभोई हे नाव एका लढाईमुळे ठाऊक असते. १७३१ च्या एप्रिल महिन्यात या परिसरात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्या फौजा एकमेकींना भिडल्या आणि सेनापती धारातीर्थी पडले. पाठ्यपुस्तकात डभोईचा उल्लेख बहुधा तिथेच संपतो. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात आठवीचे विद्यार्थी याच तालुक्यातील वढवाणा येथे पाणथळ पाहण्यास जाणार आहेत. त्यांना पक्ष्यांची नावे शिकवण्यापूर्वी त्या तळ्याचा इतिहास सांगावा, असे मी ठरवले. वर्गात जे सांगितले, तेच माजी विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी येथे मांडत आहे.

वढवाण्याचे तळे निसर्गाने घडवलेले नाही. १९१० मध्ये बडोदे संस्थानाने ते शेतीच्या सिंचनासाठी बांधले. ओरसंग नदीवर जोजवा येथे बंधारा घालून तिचे पाणी कालव्याने या तळ्यात आणण्याची ती योजना होती. तिचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ या नावाने स्मरणात आहे. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांच्या आसपास उरली. दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने माणसांचा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी झाला. ज्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिले, तिच्या दृष्टीने साठवलेले पाणी म्हणजे पुढच्या वर्षीचा जीव होता. महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घराण्यातील. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि चारच वर्षांनी वढवाण्याचे तळे पूर्ण झाले. सक्तीची शाळा आणि हे तळे अशी एकाच दशकातली भावंडे आहेत.

हे तळे बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. तरीही पक्षी आले, ते कसे, हा खरा पाठ आहे. हे पाणी पसरट आणि उथळ आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, म्हणून तळाशी पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आधाराने गोगलगायी, कीटक आणि मासे वाढतात. वनस्पती कुजून झालेल्या गाळात असंख्य सूक्ष्म जीव नांदतात. खोल धरणाच्या मध्यभागी हा पसारा मांडता येत नाही. तो काठालाच मांडला जातो. वढवाण्याचे पुष्कळसे पाणी काठासारखेच आहे.

या ताटावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मोठी लालसरी बुडी मारून पाणवनस्पती खाते. तलवार बदक शेपूट वर करून डोके पाण्यात घालते; मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवर त्याचे भागते. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून खाद्य मिळवतो. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या चिखलाच्या कडेने चालतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस चरायला शेताकडे वळतात. पाण्याची पातळी बोटभर खाली-वर झाली, तरी कोणाची पंगत उठते आणि कोणाची बसते.

कपाळावर पांढरा टिळा असलेला एक काळा पक्षी येथे थव्यांनी दिसतो. मराठीत त्याला वारकरी म्हणतात, गुजरातीत भगतडुं. दोन भाषांतील लोकांनी एकाच पक्ष्यात भक्त पाहिला. घरी मराठी आणि रस्त्यावर गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांना तो ओळखायला वेळ लागणार नाही.

१९७१ मध्ये इराणमधील रामसर या गावी पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. २०२१ मध्ये वढवाण्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सुमारे ६३० हेक्टरांचे हे क्षेत्र मध्य आशियातून भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर आहे आणि ८० हून अधिक जातींचे स्थलांतरित पक्षी येथे येतात. त्याच वेळी परिसरातील २५ गावांच्या शेतीला येथूनच पाणी मिळते. ही दोन विधाने मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि वर्गाला विचारले, “हिवाळ्यात पिकाला पाणी हवे, पक्ष्यांनाही पाणी हवे, मग पाणी कोणाचे?” एका मुलीने उत्तर दिले, “किती सोडतात, त्यापेक्षा कधी सोडतात ते बघायला हवे.” मला पूर्ण तासात सांगता आले नसते, ते तिने एका वाक्यात सांगितले. पाणी हळूहळू उतरत गेले, तर चिखलाची नवी पट्टी रोज उघडी पडते आणि लांब चोचीच्या पक्ष्यांना अन्न मिळते. ते एकाएकी संपले, तर सगळ्यांनाच उठावे लागते. तळे काठोकाठ भरलेले ठेवले, तर शेतकरी उपाशी आणि चिखलात चरणारा पक्षीही उपाशी. शेती आणि पाखरे यांचा जमाखर्च येथे एकाच वहीत लिहिला जातो.

पाणथळ म्हणजे पडीक जागा, भराव टाकून उपयोगात आणावी अशी, ही समजूत आपल्यातील पुष्कळांच्या मनात आहे. एकेकाळी माझ्याही होती. पावसाचे पाणी थोपवणे, ते जमिनीत मुरवणे, गाळ अडवणे ही तिची कामे बिनबोभाट चालतात, म्हणून ती आपल्या नजरेत भरत नाहीत. वढवाणा टिकले, कारण त्याचा उपयोग गावांना ठाऊक होता. ज्या तलावडीचा उपयोग कोणी सांगू शकत नाही, ती आधी बुजते. म्हणून सहलीला जाताना मुलांनी दुर्बिणीबरोबर वहीही न्यावी, आणि तिच्यात तीन रकाने आखावेत : पाण्यात काय दिसले, चिखलात काय दिसले, शेतात काय दिसले. चौथा रकाना तळ्याकाठच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींसाठी मोकळा ठेवावा.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाचे बालपण डभोईकडे गेले असेल, तर त्या काळी पाणी कुठवर येत असे, कोणत्या महिन्यात उतरत असे, कोणते पक्षी दिसत असत, हे लिहून शाळेकडे पाठवावे. तळे बांधल्याची नोंद संस्थानाच्या दप्तरात सापडते. ते जगले कसे, याची नोंद आपल्या आठवणींत आहे, आणि ती वेळीच कागदावर उतरली नाही तर आपल्याबरोबरच जाईल.