सिल्व्हर्टन : एका ओलीसनाट्याचा उत्तरार्ध

शुक्रवार, दि. २५ जानेवारी १९८० रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहराच्या सिल्व्हर्टन या उपनगरात तीन सशस्त्र कृष्णवर्णीय तरुण एका बँकेत शिरले. आतले ग्राहक आणि कर्मचारी मिळून २५ जणांना त्यांनी ओलीस धरले. तुरुंगातल्या नेल्सन मंडेलांची सुटका करा, ही त्यांच्या मागण्यांतली मुख्य मागणी. बाहेर पोलिसांनी वेढा घातला, बोलणी चालल्याचे दिसत राहिले, आणि संध्याकाळी पोलीस गोळीबार करीत आत घुसले. तिघेही तरुण ठार झाले. ओलिसांपैकी दोघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. नाटक संपले.

या घटनेवर मंडला दुबे या दिग्दर्शकाने केलेला चित्रपट २७ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेटफ्लिक्सवर आला. मी तो पाहिला. थरारपटाला लागते ते सारे त्यात आहे : खिळवून ठेवणारा वेढा, घड्याळाचे काटे, दारामागची कुजबुज. पण पात्रांची नावे काल्पनिक आहेत, आणि त्या क्रांतिकारकांत एक तरुणीही घातली आहे. चित्रपटाला तेवढी मोकळीक असतेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पडद्यावरची गोष्ट जिथे थांबते तिथून खरा इतिहास सुरू होतो, असे मला वाटत राहिले. त्या उत्तरार्धासाठी हा लेख.

आधी खऱ्या माणसांची नावे लिहून ठेवू. विल्फ्रेड माडेला, हम्फ्री माखुबो आणि स्टीफन माफोको. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या 'उमखोंतो वी सिझ्वे' या सशस्त्र दलाचे हे सैनिक. 'राष्ट्राचा भाला' असा त्या नावाचा अर्थ. बँकेवर चाल करण्याची योजना मुळात नव्हतीच. ममेलोदी या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीजवळ वॉटलू येथे पेट्रोलचे साठे होते. ते उडवण्याच्या कामगिरीवर ते निघाले होते. पोलीस पाठीवर आहेत हे ध्यानात आले, आणि आसरा म्हणून ते बँकेत शिरले. म्हणजे जे पुढे 'ओलीसनाट्य' म्हणून गाजले ते कोंडीत सापडलेल्या तिघांनी ऐनवेळी घेतलेल्या निर्णयातून घडले.

त्या बँकेचे नाव होते 'व्होल्कस्कास'. आफ्रिकान्स भाषेत याचा अर्थ 'लोकांची तिजोरी'. आपल्याकडच्या सहकारी बँकांसारखीच ही संस्था १९३४ साली सहकारी तत्त्वावर उभी राहिली. खाणी आणि भांडवल इंग्रजांच्या हाती, आणि डच वंशाचा आफ्रिकानेर शेतकरी कर्जात बुडालेला, अशा काळात आपल्या माणसांना सावरण्यासाठी 'ब्रुडरबाँड' या गुप्त संघटनेतल्या मंडळींनी ती काढली. पण 'लोक' कोण, याचे उत्तर मात्र ठरलेले होते. देशातली बहुसंख्य काळी प्रजा त्या 'लोकांत' धरलेली नव्हती.

आफ्रिकानेरांचे दुःख खोटे नव्हते. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात ब्रिटिशांनी उभारलेल्या छावण्यांत सुमारे २६ हजार बोअर बायका-मुले मेली. (काळ्यांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो मेले, त्यांची आठवण ठेवायला फार उशीर लागला.) युद्धानंतर लॉर्ड मिल्नरने शाळांतून इंग्रजी लादली. घरची भाषा बोलल्याबद्दल शाळेत झालेल्या अपमानाच्या कथा पुढच्या पिढ्यांनी जपून ठेवल्या. त्या चिवटपणातूनच आफ्रिकान्सला १९२५ साली राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि १९७५ साली पार्ल येथे या भाषेचे एक भव्य स्मारक उभे राहिले. भाषेचे स्मारक उभारणारा समाज जगात विरळाच.

आणि त्याच समाजाच्या सरकारने नेमक्या त्याच वर्षांत काळ्या मुलांच्या शाळांत अर्धे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती केली. गणित आणि समाजशास्त्र त्या मुलांनी अशा भाषेतून शिकायचे, जी त्यांना धड येत नव्हती आणि अनेक शिक्षकांनाही येत नव्हती. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली हजारो मुले या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारने नेमलेल्या आयोगानेच पुढच्या काही महिन्यांतले ५७५ मृत्यू नोंदवले. आपण दोन भाषांच्या मुलखात राहतो. आपल्याकडचा भाषेचा वाद आणि वर्णद्वेष यांची तुलना करणे त्या मेलेल्या मुलांवर अन्याय केल्यासारखे होईल, आणि ती मी करीत नाही. पण जिने स्वतः अपमान सोसला ती भाषा सत्तेवर येताच दुसऱ्याच्या पोराच्या पाटीवर कशी जाऊन बसते, हे समजायला आपल्याला फार शिकवावे लागत नाही.

१९७६ नंतर हजारो तरुण सीमा ओलांडून बाहेर पडले. अंगोलासारख्या देशांत त्यांना शस्त्रांचे शिक्षण मिळाले आणि त्यातले काही परत मायदेशी आले. सिल्व्हर्टनला लागून असलेल्या ममेलोदीचा सॉलोमन महलांगू हा त्यांपैकीच एक. जून १९७७ मध्ये जोहान्सबर्गच्या गोक स्ट्रीटवर झालेल्या चकमकीत दोन गोरे नागरिक मारले गेले. गोळ्या त्याच्या साथीदाराने झाडल्या होत्या. पण पकडल्यावर त्या साथीदाराला इतका मार बसला की तो खटल्याला उभा राहण्याच्या अवस्थेतच उरला नाही. फाशी झाली ती महलांगूला, ६ एप्रिल १९७९ रोजी. (दुबे यांनी आधी त्याच्यावरही एक चित्रपट केला होता.) सिल्व्हर्टनच्या तिघांनी बँकेत पाऊल टाकले तेव्हा या फाशीला वर्षही झाले नव्हते. पकडले गेलो तर पुढे काय, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

आता उत्तरार्ध. त्या वेळी मंडेला रॉबेन बेटावर होते. १९६२ पासून ते कैदेत होते, आणि १९६४ साली त्यांना जन्मठेप झाली होती. त्यांचे छायाचित्र छापायला कायद्याने बंदी, त्यांचे शब्द उद्धृत करायला बंदी. शाळकरी पिढीतल्या कित्येकांना ते कसे दिसतात हेही ठाऊक नव्हते. अशा माणसाचे नाव २५ जानेवारीला राजधानीतल्या एका बँकेतून मागणीच्या रूपाने बाहेर आले, आणि बातमी म्हणून ते छापावेच लागले. तिघांपैकी एकाच्या अंत्ययात्रेला सोवेटोत हजारो लोक जमले. सरकारच्या लेखी जे दहशतवादी होते, त्यांना लोकांनी आपले म्हटले.

त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, मार्च १९८० मध्ये, 'संडे पोस्ट' या पत्राचे संपादक पर्सी कोबोझा यांनी मंडेलांच्या सुटकेसाठी सह्यांची मोहीम उघडली. हे तेच कोबोझा, ज्यांचे 'द वर्ल्ड' हे पत्र सरकारने १९ ऑक्टोबर १९७७ रोजी बंद पाडले होते आणि ज्यांना तुरुंगात टाकले होते. या मोहिमेला विद्यार्थी, चर्च, संघटना येऊन मिळाल्या. काही गोऱ्यांनीही सह्या केल्या. मंडेला हे नाव घराघरांत उघडपणे उच्चारले जाऊ लागले. १३ जून १९८० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ४७३ मध्ये मंडेलांचे नाव घेऊन राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी केली.

'मंडेलांना मुक्त करा' ही मोहीम सिल्व्हर्टनमधून जन्मली, असे अनेकदा सांगितले जाते. माझ्या मते ते अर्धे खरे आहे. त्याच मार्च महिन्याच्या ४ तारखेला शेजारच्या झिंबाब्वेच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि रॉबर्ट मुगाबे जिंकले. गोऱ्या राजवटीने दहा वर्षे तुरुंगात डांबलेला माणूस पंतप्रधान होतो, हे डोळ्यांसमोर घडले होते. 'मग आमच्या तुरुंगातल्या माणसाशी का बोलत नाही ?' हा प्रश्न आपोआपच उभा राहिला. शिवाय मंडेलांच्या नावाभोवती जगाचे लक्ष गोळा होण्याची सुरुवात आधीच झाली होती, आणि तिच्यात आपल्या देशाचाही हात होता. १९७९ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार भारताने मंडेलांना जाहीर केला होता. १४ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांच्या वतीने ऑलिव्हर टाम्बो यांनी तो नवी दिल्लीत स्वीकारला. ज्यांच्या घरी त्या काळचा जुना पासपोर्ट असेल त्यांनी तो उघडून पाहावा. दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाला तो चालणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आढळेल. १९४६ साली त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच.

तेव्हा सिल्व्हर्टनने मोहीम जन्माला घातली असे म्हणण्यापेक्षा, जमलेल्या सरपणावर ती ठिणगी पडली असे म्हणावे. बंदुकीच्या बळावर केलेली मागणी संध्याकाळपर्यंत मेली. तीच मागणी साध्या कागदावर सह्या होऊन आली तेव्हा सरकारला ती गोळी घालून संपवता आली नाही. पण बँकेतली मागणी कानांवर आदळली नसती तर त्या कागदावर इतक्या लवकर इतके हात पडले असते का, हेही ठामपणे सांगता येत नाही.

आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मेलेल्या त्या दोन ओलिसांचे काय ? ती माणसे बँकेत गेली ती रोजच्या कामासाठी. वर्णद्वेषी राजवटीचे फायदे त्यांना मिळत होते हे खरे, पण म्हणून त्यांच्या मरणाचा हिशेब कोणाच्या तरी खात्यावर ढकलून मोकळे होता येत नाही. बोलणी लांबवून, धीर धरून त्यांचा जीव वाचवता आला असता का, हा प्रश्न पोलिसांना विचारला पाहिजे. त्यांना त्या जागी आणून बसवले कोणी, हा प्रश्न चळवळीला विचारला पाहिजे. दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारण्याचे धैर्य फारच थोड्यांकडे असते.

सरकारने उत्तर दिले ते आपल्या रीतीने. त्याच वर्षी नऊ जणांवर राजद्रोहाचा 'सिल्व्हर्टन खटला' चालवला. यांपैकी कोणीही त्या दिवशी बँकेत नव्हते. नोव्हेंबर १९८० मध्ये तिघांना फाशीची शिक्षा झाली. जगभरातून निषेध झाल्यावर १९८२ साली तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले.

चळवळीने जे केले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. दिल्लीतला पुरस्कार स्वीकारल्यानंतर दोनच आठवड्यांनी, २८ नोव्हेंबर १९८० रोजी, टाम्बो यांनी जिनिव्हात रेड क्रॉसपुढे एका घोषणापत्रावर सही केली. आपला लढा जिनिव्हा करारांचे नियम पाळून लढू, असे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या वतीने त्यांनी जगाला लिहून दिले. या करारांनी नागरिकांना ओलीस धरण्यास मनाई केली आहे. ज्या वर्षाची सुरुवात सिल्व्हर्टनने झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस ही सही झाली. एकातून दुसरे निघाले असा पुरावा माझ्यापुढे नाही आणि तसा दावाही मी करीत नाही. परंतु राज्य नसलेल्या, हद्दपारीत जगणाऱ्या संघटनेने स्वतःच्या हातांवर असे बंधन घालून घेणे ही लहान गोष्ट नव्हे.

ते बंधन पुढे प्रत्येक वेळी पाळले गेले असेही नाही. २० मे १९८३ रोजी प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर मोटारीत ठेवलेल्या बॉम्बने १९ जण मारले गेले. स्वातंत्र्यानंतर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाने वर्णद्वेषी राजवटीला मुख्य गुन्हेगार ठरवले; पण चळवळीच्या हातून झालेली निरपराधांची हत्याही लपवली नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध होऊ नये म्हणून मंडेलांचाच पक्ष न्यायालयात गेला आणि हरला. राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी मात्र अहवाल स्वीकारला.

ज्या माणसाच्या सुटकेसाठी सिल्व्हर्टनच्या बँकेत तिघांनी जीव दिला, तो ११ फेब्रुवारी १९९० रोजी, त्या संध्याकाळनंतर दहा वर्षांनी, तुरुंगाबाहेर आला. व्होल्कस्कास बँकही पुढे एका मोठ्या बँकसमूहात विलीन झाली आणि ते नाव पुसले गेले. माडेला, माखुबो आणि माफोको यांना त्यांचा देश आज हुतात्मे मानतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या दिवसाचा आकडा लिहिताना मी तीन लिहून थांबणार नाही. तिथे पाच माणसे मेली.