धूळमाइट अ‍ॅलर्जी व झोप (वसई-विरार परिसर)

घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म अष्टपाद प्राण्यांच्या विष्ठेतील व शरीरातील प्रथिनांमुळे होणारी अ‍ॅलर्जी. सकाळी उठताच लागोपाठ शिंका, चोंदलेले नाक, टाळूला व डोळ्यांना खाज, रात्रीचा कोरडा खोकला आणि काहींना दमा ही तिची प्रमुख लक्षणे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार पट्ट्यात या प्राण्यांना मानवणारा दमटपणा वर्षातील बराच काळ टिकतो.

प्राणी : धूळमाइट कोळी-गोचिडांच्या वर्गातला, ०·२ ते ०·३ मिमी. लांबीचा; नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तो चावत नाही, रक्त शोषत नाही. त्यामुळे अंगावर चाव्याच्या गांधी असतील तर ढेकूण शोधावेत. माणसाच्या त्वचेचा गळणारा कोंडा हे त्याचे खाद्य. तो पाणी पीत नाही, हवेतले बाष्प शोषून जगतो. म्हणून सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांवर असली की त्याची वाढ जोमाने होते आणि ती दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली की तो सुकून मरतो. एक माइट दिवसाला सुमारे वीस विष्ठागोळ्या टाकतो. त्या १० ते ४० मायक्रॉन आकाराच्या, म्हणजे धुळीच्या मानाने जड असतात. अंथरूण झटकले की उडतात आणि काही मिनिटांत खाली बसतात. हवाशुद्धी यंत्राचा उपयोग मर्यादित राहतो तो यामुळेच. डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस (ट्रूएसार, १८९७), डर्मॅटोफॅगॉइडिस फॅरिनी (ह्यूज, १९६१) आणि उष्ण-दमट प्रदेशांतील ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस (१९७३) या महत्त्वाच्या जाती होत.

संशोधन : घरातील धुळीचा अर्क काही दमेकऱ्यांच्या त्वचेवर प्रतिक्रिया उठवतो, हे १९२०च्या दशकातच माहीत होते, त्यातला कारक घटक मात्र सापडत नव्हता. १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट व स्पीक्समा यांच्या गटाने तो माइटमध्ये असल्याचे दाखवले. दमट घरांच्या धुळीत अ‍ॅलर्जीचा जोर अधिक आढळतो, हा त्यांच्या शोधातील महत्त्वाचा धागा होता. १९८० साली चॅपमन व प्लॅट्स-मिल्स यांनी मुख्य प्रथिन (डेर पी १) वेगळे काढले. हे पाचक विकर असून विष्ठेत साठते. माइट मेल्यावरही ते धुळीत महिनोन्‌महिने टिकते.

परिसर : वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १२,२२,३९०. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर. जुलै-ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावरील आर्द्रता सर्रास ८० टक्क्यांवर असते. आगाशी, निर्मळ, भुईगाव या वाड्या-बावखलांच्या (बागायती व त्यांना पाणी पुरवणाऱ्या तळ्यांच्या) भागात जुन्या घरांना अंगण आहे, गादी उन्हात टाकता येते. नालासोपारा पूर्वेसारख्या दाट वस्तीत एका खोलीत चार-पाच माणसे झोपतात, कपडे पंख्याखाली वाळतात आणि दिवाणाच्या पोटात गोधड्या वर्षभर कोंबलेल्या असतात. जुलै २०१८च्या पुरासारख्या प्रसंगी भिजलेली कापसाची गादी आतून पूर्ण सुकत नाही. ती टाकून द्यावी.

पावसाळ्यात वाढलेल्या माइटच्या पिढ्यांची विष्ठा गाद्या-पडद्यांत साठलेली असतानाच दिवाळीची झाडलोट येते. माळ्यावरचे सामान काढल्यावर बसणाऱ्या शिंकांना पुष्कळदा ‘हवा बदलली’ हे कारण दिले जाते. ज्याला त्रास आहे त्याने हे काम करू नये. करणाऱ्याने ओल्या फडक्याने पुसावे.

झोप : आडवे झाल्यावर नाकातील रक्तवाहिन्या फुगतात, नाक अधिक चोंदते, शिवाय नाक-तोंड उशीला लागून तासन्‌तास राहते. तोंडाने श्वास, घोरणे, पहाटे जाग आणि दिवसभराची सुस्ती हा त्याचा परिणाम. नासिकाशोथाच्या (नाकाच्या आतील दाहाच्या) ‘आरिया’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (२००१) झोप मोडत असेल, तर आजार सौम्य धरत नाहीत.

घरगुती व्यवस्थापन : पहिले लक्ष्य अंथरूण, दुसरे ओल, तिसरी धूळ. अभ्रे, चादरी व पांघरुणे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुवावीत. गार पाण्याने प्रथिन बरेचसे निघते, माइट बहुतांशी जगतात. कडक उन्हात माइट मरतात, हे सिडनीत १९९४ साली गालिच्यांवर दिसले. जाड गादीत मात्र ते आतल्या थरात सरकतात, म्हणून गादी उलटून दोन्ही बाजूंना ऊन द्यावे. काठीने झोडपणे घराबाहेरच. जुन्या कापसाच्या उश्या बदलाव्यात. भिंतीला पोपडे धरले असतील तर आधी गळती बंद करावी, रंग नंतर. स्वयंपाकघरात व न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा. वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्प कमी करते. त्याची जाळी वरचेवर धुवावी. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण घडी करून दिवाणात कोंबू नये, तासभर पंख्याखाली उघडे ठेवावे.

मतभेद : गादी-उशांच्या माइट-रोधक खोळींबाबत एकमत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत (१,१२२ प्रौढ दमेकरी, नासिकाशोथाचे २७९ रुग्ण) केवळ खोळींनी लक्षणे कमी झाली नाहीत. २०१७ साली इंग्लंडमधील २८४ दमेकरी मुलांत मात्र दम्याच्या झटक्यामुळे रुग्णालयात जाण्याचे प्रमाण घटले. एकट्या उपायावर विसंबू नये, असा मध्यम निष्कर्ष बहुधा काढला जातो. शिवाय लक्षणांत झुरळे, बुरशी व बांधकामाची धूळ यांचाही वाटा असू शकतो.

निदान : त्वचेवरील टोचणी चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) तपासणे.

औषधोपचार : नाकातील स्टेरॉइड फवारा, सुस्ती न आणणारी अ‍ॅलर्जीरोधके, निवडक रुग्णांत प्रतिरक्षा-उपचार. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. माँटेल्युकास्टने काहींना दुःस्वप्ने व निद्रानाश होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याबाबतचा इशारा कडक केला. दम लागत असल्यास डॉक्टरांकडे जावे.