क्रांतिकारकांचा इतिहास आणि इतिहासकाराची परिभाषा : प्रा. बिपन चंद्र यांच्या अध्ययनाचा आढावा

प्रस्तावना

आधुनिक भारताच्या इतिहासलेखनात क्रांतिकारी चळवळीला दीर्घकाळ दोनच प्रकारचे स्थान मिळत आले. एकीकडे हुतात्म्यांची गौरवपर चरित्रे होती आणि दुसरीकडे पोलीस व गुप्तवार्ता विभागाचे अहवाल होते. पहिल्या प्रकारात भक्ती होती, दुसऱ्यात भीती होती. परंतु या तरुणांनी काय वाचले, कोणता विचार केला आणि तो विचार का बदलला, या प्रश्नांची उत्तरे दोन्हींत क्वचितच सापडत. हे प्रश्न विद्यापीठीय इतिहासाच्या कक्षेत आणणाऱ्या अभ्यासकांमध्ये प्रा. बिपन चंद्र (१९२८-२०१४) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, प्रा. चंद्र यांच्या अध्यापकीय व संशोधकीय जीवनाचा आलेख मांडणे. दुसरे, क्रांतिकारी राजकारणाविषयीच्या त्यांच्या प्रमुख मांडणीचे परीक्षण करणे. तिसरे, त्यांनी वापरलेल्या एका संज्ञेवरून २०१६ मध्ये झालेल्या वादाच्या निमित्ताने, मराठीतून इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकासमोर उभ्या राहणाऱ्या परिभाषेच्या प्रश्नाचा विचार करणे.

अध्यापकीय जीवनाचा आलेख

बिपन चंद्र यांचा जन्म १९२८ मध्ये कांगडा येथे झाला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन महाविद्यालयात झाले. ज्या लाहोरात नॅशनल कॉलेज आणि द्वारकादास ग्रंथालय यांच्या आधारे भगतसिंगांची पिढी घडली, त्याच शहरात सुमारे दोन दशकांनंतर हा भावी इतिहासकार शिकला. पुढे ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे मॅकार्थीवादाच्या काळात डाव्या विचारांच्या संशयावरून त्यांना देश सोडावा लागला. राजकीय मतासाठी किंमत मोजावी लागते, याचा अनुभव त्यांनी संशोधनापूर्वीच घेतला होता.

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या हिंदू महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले व दिल्ली विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. १९६६ मध्ये भारतातील आर्थिक राष्ट्रवादाचा उदय व विकास या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, ग. व्यं. जोशी, गोखले, रमेशचंद्र दत्त आदींच्या आर्थिक विचारांची त्यात सविस्तर छाननी आहे. म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून मांडला गेलेला विचार हा या संशोधकाच्या पायाभूत साधनांपैकी एक होता, ही बाब मराठी अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या इतिहास अध्ययन केंद्रात ते प्राध्यापक झाले आणि संशोधकांच्या अनेक पिढ्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. १९८५ मध्ये भारतीय इतिहास परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २००४ ते २०१२ या काळात ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. ३० ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लेखनावरून वाद होणे हे २०१६ मध्येच प्रथम घडले असे नाही. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात ज्या चार पुस्तकांवर आक्षेप घेण्यात आले, त्यांपैकी तीन पुस्तकांच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. त्यात शालेय विद्यार्थ्यांसाठीचे ‘आधुनिक भारत’ हे पाठ्यपुस्तकही होते.

क्रांतिकारी विचारांचे परीक्षण

१९७२ मध्ये बी. आर. नंदा यांनी संपादित केलेल्या भारतातील समाजवादविषयक ग्रंथात प्रा. चंद्र यांचा १९२० च्या दशकातील उत्तर भारतीय क्रांतिकारकांच्या वैचारिक विकासावरील निबंध समाविष्ट झाला. १९७९ मध्ये तो त्यांच्या निबंधसंग्रहातही आला. आकाराने हा एक निबंधच. परंतु या विषयाच्या अभ्यासाची दिशा त्याने बदलली.

निबंधाचा मध्यवर्ती विचार असा की, या तरुणांना केवळ पिस्तुलाच्या आधारे ओळखणे ही इतिहासाची दिशाभूल आहे. ऑक्टोबर १९२४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनपासून सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला येथील बैठकीपर्यंत अवघ्या चार वर्षांत या गटाने मोठा वैचारिक प्रवास केला. संघटनेच्या नावात ‘सोशालिस्ट’ हा शब्द आला, तो या प्रवासाची खूण म्हणून. १९२६ मध्ये स्थापन झालेली नौजवान भारत सभा, ८ एप्रिल १९२९ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात टाकलेला व कोणाचाही जीव न घेण्याच्या बेताने बनविलेला बाँब, न्यायालयाचा विचारप्रसारासाठी केलेला उपयोग, आणि तुरुंगातील उपोषणात १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतीन दास यांनी दिलेले बलिदान, या घटनांकडे त्यांनी एकाच वैचारिक सूत्रातून पाहिले.

तथापि हा निबंध गौरवलेख नाही. किंबहुना त्याचे महत्त्व त्यातील टीकेत आहे. विचार आणि कृती यांतील अंतर हा प्रा. चंद्र यांच्या विवेचनाचा गाभा आहे. शेतकरी व कामगार यांच्या संघटनेशिवाय क्रांती होणार नाही, हे या तरुणांनी तत्त्वतः स्वीकारले होते. परंतु प्रत्यक्षात त्यांची कृती शहरी सुशिक्षित तरुणांच्या वैयक्तिक पराक्रमापुरतीच मर्यादित राहिली. त्यांच्या बलिदानाने साम्राज्यविरोधी भावना देशभर प्रज्वलित झाली, परंतु त्या जागृतीचे राजकीय फळ, ज्या काँग्रेस नेतृत्वावर ते टीका करीत होते, त्याच नेतृत्वाच्या पदरात पडले. श्रद्धेय व्यक्तींच्या अपयशाविषयी इतक्या स्पष्टपणे आणि तरीही आदराने लिहिणे, हा इतिहासकाराच्या वृत्तीचा वस्तुपाठ आहे.

भगतसिंगांच्या ‘मी नास्तिक का आहे’ या निबंधाला प्रस्तावना लिहून तो नव्या वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे कामही प्रा. चंद्र यांनी केले. ऑक्टोबर १९३० मध्ये तुरुंगात लिहिलेला हा निबंध लेखकाच्या मृत्यूनंतर सप्टेंबर १९३१ मध्ये लाहोरच्या ‘द पीपल’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला होता. भगतसिंगांना विचारवंत म्हणून वाचण्याची जी प्रथा आज रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी अशा प्रयत्नांचा वाटा मोठा आहे.

मांडणीतील बदल व मर्यादा

१९८० च्या दशकात प्रा. चंद्र यांच्या एकूण भूमिकेत महत्त्वाचा बदल झाला. आरंभीच्या लेखनात काँग्रेसच्या वर्गीय स्वरूपावर भर देणाऱ्या या मार्क्सवादी अभ्यासकाने, ग्राम्शीच्या संकल्पनांचा आधार घेत, संघर्ष, विराम आणि पुन्हा संघर्ष अशा क्रमाने चालणारी दीर्घकालीन रणनीती म्हणून गांधीप्रणीत चळवळीचा नव्याने अर्थ लावला. सहकाऱ्यांसह लिहिलेल्या १९८८ च्या भारतीय स्वातंत्र्यलढ्यावरील ग्रंथात ही मांडणी विस्ताराने आली. त्याच ग्रंथातील विसावे प्रकरण भगतसिंग, सूर्य सेन व त्यांच्या सहकाऱ्यांना वाहिलेले आहे.

या बदलामुळे एक अडचण निर्माण झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. राष्ट्रीय चळवळ हा एकच विशाल प्रवाह मानला की क्रांतिकारक त्याची एक उपधारा ठरतात आणि त्यांचे यशापयश मुख्य प्रवाहाच्या मोजपट्टीने मोजले जाते. १९७२ च्या निबंधात त्यांचा विचार त्यांच्याच कसोटीवर तपासला होता. पुढील ग्रंथात ती कसोटी काहीशी मागे पडली.

दुसरी मर्यादा भौगोलिक आहे. हे विवेचन मुख्यत्वे पंजाब, संयुक्त प्रांत व बंगाल यांभोवती फिरते. खेडचे शिवराम हरी राजगुरू त्यात येतात ते उत्तरेतील संघटनेचे सदस्य म्हणून. परंतु १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चौघांना झालेली फाशी आणि २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, या घटनांमधील संबंध त्या चौकटीत बसत नाही. सोलापूरचा लढा हा जनआंदोलनाचा, तर पुण्यातील कृती एकट्या विद्यार्थ्याची. आणि तरीही दुसरी पहिल्याचा सूड म्हणून घडलेली. सामुदायिक आंदोलन व वैयक्तिक सशस्त्र कृती यांतील भेद येथे प्रा. चंद्र यांनी मांडला तितका ठळक राहत नाही. या अंगाने महाराष्ट्रातील संशोधकांना पुष्कळ काम करण्यासारखे आहे.

संज्ञेचा वाद

१९७२ च्या निबंधात आणि १९८८ च्या ग्रंथातही प्रा. चंद्र यांनी ‘रिव्होल्यूशनरी टेररिस्ट’ ही संज्ञा वापरली. ती निंदाव्यंजक अर्थाने नव्हे, तर दुसरी संज्ञा उपलब्ध नसल्यामुळे वापरीत आहोत, असा खुलासा ग्रंथातच होता. एप्रिल २०१६ मध्ये या संज्ञेवरून संसदेत प्रश्न उपस्थित झाला, भगतसिंगांच्या कुटुंबीयांनी आक्षेप घेतला, आणि दिल्ली विद्यापीठाने ग्रंथाच्या हिंदी अनुवादाचे वितरण थांबविले. लेखकाचे निधन होऊन तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. दहशतवादाला आलेला आजचा अर्थ लक्षात घेऊन उत्तरकालीन लेखनात त्यांनी स्वतःच ही संज्ञा टाळली होती, असे सहलेखकांनी त्या वेळी स्पष्ट केले.

या वादाचा निवाडा साधनांच्या आधारेच करावा लागेल. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागाने १९३७ मध्ये सिद्ध केलेल्या अहवालाच्या नावातच ‘टेररिझम’ हा शब्द आहे. म्हणजे ती सत्तेची भाषा होती, हे खरे. परंतु जानेवारी १९३० मध्ये ‘बाँबचे तत्त्वज्ञान’ या पत्रकात क्रांतिकारकांनीही तो शब्द स्वीकारून, तो क्रांतीचा एक आवश्यक टप्पा असल्याचे प्रतिपादन केले होते. उलट २ फेब्रुवारी १९३१ रोजी तरुण राजकीय कार्यकर्त्यांना उद्देशून लिहिताना, आरंभीचा काळ वगळता आपण कधीही दहशतवादी नव्हतो, असे भगतसिंगांनी निःसंदिग्धपणे नोंदविले. म्हणजे हा शब्द इतिहासकाराने बाहेरून लादला, हे म्हणणे अपुरे आहे. आणि क्रांतिकारकांनी तो शेवटपर्यंत मान्य केला, हेही चूक आहे. ज्या वैचारिक विकासाचा शोध प्रा. चंद्र यांनी घेतला, त्याचाच हा शब्द एक पुरावा आहे. भगतसिंगांनी जो मागे टाकला तो शब्द त्यांची अखेरची ओळख म्हणून प्रकरणाच्या शीर्षकात ठेवणे, हे प्रा. चंद्र यांच्या स्वतःच्या निष्कर्षाशीच विसंगत होते. मात्र त्यासाठी उत्तर द्यायचे ते दुसऱ्या ग्रंथाने वा टिपणाने. वितरण थांबवून नव्हे.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ‘सशस्त्र क्रांतिकारी चळवळ’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो योग्यही आहे. परंतु पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी जेव्हा संदर्भासाठी इंग्रजी ग्रंथ उघडतो, तेव्हा तो गोंधळतो. एका वर्षी वर्गात हे प्रकरण वाचून दाखविल्यावर मागच्या बाकावरील विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग आम्ही परीक्षेत काय लिहायचे?” त्या दिवशी प्रस्तुत लेखकाने पाठ्यपुस्तकातील शब्द लिहा, एवढेच सांगून वेळ निभावून नेली. ते उत्तर अध्यापकाचे नव्हते, ही खंत या निबंधामागे आहे. शब्द सांगण्याबरोबर त्या शब्दाचा इतिहास सांगणे, वरील तिन्ही साधने वर्गात शेजारी-शेजारी ठेवून वाचणे, हे खरे उत्तर होते.

समारोप

प्रा. बिपन चंद्र यांच्या कार्यातून तीन निष्कर्ष निघतात. एक, क्रांतिकारकांना विचारांच्या इतिहासात स्थान मिळवून देणे हे त्यांचे स्थायी योगदान आहे. दोन, आपली पूर्वीची मते तपासून बदलण्याची तयारी हे त्यांच्या अभ्यासाचे बळ होते, तरी त्या बदलात क्रांतिकारकांचे स्वतंत्र मूल्यमापन काहीसे झाकोळले. तीन, संज्ञा ही काळाबरोबर बदलत असते. ती निवडताना तत्कालीन साधने आणि आजचा वाचक या दोहोंचे भान ठेवावे लागते.

१९३१ च्या मार्चमध्ये २३ तारखेला फाशी गेलेल्या तिघांपैकी एकाचे गाव आज राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. गावाला नाव देऊन समाज आपले ऋण व्यक्त करतो. इतिहासाच्या अध्यापकाचे ऋण मात्र त्यांचे विचार वाचून, तपासून आणि प्रसंगी त्यांच्याशी मतभेद नोंदवूनच फिटू शकते.