बारानंतर काही नाही : एका उपवासाचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री 'बारानंतर पाणीसुद्धा घ्यायचे नाही' असे बजावले की नांदेड-लातूरकडचा रुग्ण सहसा कारण विचारीत नाही. निरंकार एकादशी पाळणाऱ्या घरांना हा आदेश ओळखीचाच वाटतो. मात्र व्रताला कहाणी असते, तशी या आदेशालाही आहे. आणि तिचा एक धागा आपल्याच मुलखातून गेला आहे.

भूलशास्त्रातला एक मोठा वाद निजामाच्या राज्यात लढला गेला. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच राज्याचे भाग होते. क्लोरोफॉर्मने आधी काय थांबते, श्वास की हृदय, हा प्रश्न होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे. १८८८ च्या पहिल्या आयोगाचा निष्कर्ष 'लॅन्सेट'ला पटला नाही, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या खर्चाने १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन आले. दुसऱ्या आयोगानेही 'श्वास' असेच उत्तर दिले. पुढे १९११ मध्ये लीव्ही यांनी हलक्या भुलीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे दाखवून दिले.

लॉरी ज्या एडिंबरोच्या परंपरेत वाढले, त्याच परंपरेतले जोसेफ लिस्टर. त्यांनी १८८३ मध्ये लिहिले की पोटात घन अन्न नसावे, पण क्लोरोफॉर्मच्या सुमारे दोन तास आधी कपभर चहा दिलेला हितकर ठरतो. म्हणजे अन्न आणि पेय यांतला भेद तेव्हाच स्पष्ट होता.

तो पुसला गेला विसाव्या शतकात. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासल्या. ६६ जणींच्या फुप्फुसांत पोटातले द्रव्य गेले होते. दोघी दगावल्या, दोघींचाही श्वास घन अन्नाने कोंडला होता. पण या अभ्यासाचा धसका असा बसला की पुढे अन्नाबरोबर पाणीही बंद झाले. नियम उरला, त्याचे कारण मागे पडले.

गेल्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या ओले युंगक्विस्ट यांनी हा उपवास उलटा तपासला. रात्रभर उपाशी राहिलेल्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण आला की इन्शुलिनला दाद मिळेनाशी होते. म्हणून आदल्या संध्याकाळी ८०० आणि दोन तास आधी ४०० मिलिलिटर कर्बोदकयुक्त पेय देण्याची पद्धत आली. शेवटच्या मात्रेतच ५० ग्रॅम कर्बोदके असतात.

खरा पेच मधुमेही हृदयरुग्णाचा आहे. त्याची साखर वाढली तर छातीच्या जखमेला संसर्गाचा धोका. जठराच्या नसा दुबळ्या असतील तर पोट रिकामे होण्यास विलंब. आणि औषध चालू ठेवून उपाशी राहिला तर साखर खाली येण्याची भीती. बर्लिनच्या ब्रॉयर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या १८८ रुग्णांवर हे पेय आजमावले. त्यांत इन्शुलिन न घेणारे मधुमेहीही होते. तहान कमी झाली, मात्र नंतरच्या साखरेत व इन्शुलिनच्या गरजेत फरक पडला नाही. २००८ मध्ये गुस्ताफसन यांच्या छोट्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींचे जठर वेळेत रिकामे झालेले दिसले. २०१९ च्या हृदयशस्त्रक्रियेच्या मार्गदर्शक सूचनांनीही पेयाची शिफारस सौम्य शब्दांतच केली.

तेव्हा आम्ही या पेयाचा पुरस्कार करीत नाही. कोणाला काय द्यावे, हे भूलतज्ज्ञानेच ठरवायचे. आमचे म्हणणे एवढेच, की 'बारानंतर काही नाही' हे वाक्य सर्वांना सरसकट लावताना त्यातल्या अटी गळून पडल्या. सकाळी यादीत ज्याचा नंबर शेवटी लागतो, तो शुगरचा रुग्ण दुपारपर्यंत कोरड्या घशाने वाट पाहतो आणि ते सारे व्रतासारखे निमूट सोसतो. लिस्टरांच्या कपभर चहामागचा विचार त्याला कोणी सांगितलेला नसतो. 'का?' असे विचारण्याचा हक्क मात्र त्याला आहे.