गाठीचं नाव

आमच्या कोपरीत जुनी माणसं 'एक्स-रे काढला' असं म्हणत नाहीत. 'छातीचा फोटो काढला' म्हणतात. फोटोत काही दिसलं, की 'डाग आहे' म्हणतात. आमच्या अम्मीच्या पिढीला डाग म्हणजे क्षय, एवढंच ठाऊक. पुढच्या पिढीला डाग म्हणजे कर्करोग वाटू लागला. पण मंडळी, डाग ही नुसती सावली. ते निदान नव्हे.

ही सावली पाहण्याची सोय रॉन्टगेन यांनी १८९५ साली करून दिली. दोनच वर्षांनी जर्मनीत गुस्टाव किलियन यांनी नळी घालून श्वासनलिकेत डोकावून पाहिलं. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला. गाठ कुठे आहे, केवढी आहे, हे यंत्रं सांगतात. ती कसली आहे, हे बहुतेक वेळा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळतं. मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथे या कामाचा पाया डॉ. वसंत खानोलकरांनी घातला.

तरीही सूक्ष्मदर्शक कधी कधी चकवतो. १९५६ साली अमेरिकेत लीबो आणि हबेल यांनी फुप्फुसातल्या एका दुर्मीळ, साध्या गाठीचं वर्णन केलं. तिच्यात रक्ताने भरलेल्या पोकळ्या दिसल्या, म्हणून ती रक्तवाहिन्यांची गाठ ठरली: 'स्क्लेरोझिंग हिमॅन्जिओमा'. ही गाठ जास्त करून मध्यमवयीन स्त्रियांत, त्यातही आशियात आढळते. पुष्कळदा तक्रार काहीच नसते. दुसऱ्याच कारणासाठी फोटो काढावा आणि ती दिसावी. पुढे पेशी ओळखणाऱ्या नव्या रंगतपासण्या आल्या आणि कळलं, की तिचं मूळ रक्तवाहिनीत नाही, फुप्फुसातल्या वायुकोशांच्या अस्तरात आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिचं नाव 'स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा' झालं. जवळजवळ साठ वर्षं ती दुसऱ्याच कुळाच्या नावाने वावरली.

मी कविता लिहितो. माझा शब्द चुकला तर फार तर एक ओळ पडते. इथे एका शब्दावर फुप्फुसाचा केवढा भाग काढायचा, हे ठरतं. सुईने काढलेल्या इवल्या तुकड्यात किंवा शस्त्रक्रिया चालू असताना घाईने केलेल्या तपासणीत ही गाठ कर्करोगासारखी भासू शकते. खरं नाव कळलं, तर बहुधा तेवढी गाठ काढून भागतं.

म्हणून फोटोत डाग दिसला, तर घरात रडारड करण्याआधी डॉक्टरांना विचारावं: तुकडा तपासायला हवा का? आणि तपासला असेल, तर पक्का रिपोर्ट केव्हा येणार?