बॅकअप नाही: माउंटन गोरिलांची सव्वाशे वर्षं

लोकलमध्ये ऐकताय, जिममध्ये, की भांडी घासताना? काहीही असो, आज एका फोटोपासून सुरुवात करू.

एप्रिल २०१९. काँगोमधला एक वनरक्षक सेल्फी काढतोय आणि त्याच्या मागे दोन गोरिला माद्या माणसांसारख्या ताठ उभ्या आहेत. हा फोटो जगभर फिरला. तुम्हीही कदाचित फॉरवर्ड केला असेल. मी केला होता, हसण्याचे इमोजी टाकून. नंतर त्यांच्याबद्दल वाचलं आणि हसू गेलं. त्यातली एक न्डाकासी. २००७ मध्ये ती सापडली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती आणि गोळी घालून मारलेल्या आईला बिलगून बसली होती.

हे का झालं ते समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

आफ्रिकेच्या मध्यावर, रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवर ज्वालामुखींची एक रांग आहे, विरुंगा. थंडी, धुकं, बांबूची बनं. १९०२ मध्ये रॉबर्ट फॉन बेरिंगे नावाचा जर्मन कॅप्टन तिथल्या सबिन्यो डोंगरावर चढला. त्याला मोठी काळी वानरं दिसली. त्याने गोळ्या झाडल्या आणि दोन मारली. विज्ञानाला ही नवी जात कळली ती अशी, आणि मारणाऱ्याचंच नाव तिला मिळालं: गोरिला बेरिंगेई.

पुढे १९२१ मध्ये अमेरिकन संग्राहक कार्ल एकली न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी गोरिला मारायला आला. त्याने मारलेही. पण हे प्राणी किती थोडे उरलेत हे त्याला तिथेच जाणवलं. परत जाऊन त्याने बेल्जियमच्या राजामागे धोशा लावला आणि १९२५ मध्ये आफ्रिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान तिथे उभं राहिलं. एकली नंतर त्याच डोंगरात वारला आणि तिथेच पुरला गेला.

पण नकाशावर रेघ मारली म्हणजे जंगल वाचत नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी रवांडातल्या उद्यानाचा मोठा भाग तोडून तिथे पायरेथ्रम लावलं गेलं. शेवंतीच्या कुळातली पांढरी फुलं, त्यांच्यापासून कीटकनाशक बनतं. युरोपात मागणी होती, लोकांना जमीन हवी होती. झालं, गोरिला आणखी वर, आणखी थंडीत ढकलले गेले.

साधारण याच वेळी, १९६७ मध्ये, डायन फॉसीने तिथे करिसोके हे संशोधन केंद्र सुरू केलं. गोरिला म्हणजे छाती बडवणारा राक्षस ही आपली सिनेमातली कल्पना तिने मोडली. हा प्राणी कुटुंबात राहतो, दिवसभर पाला खातो, रोज रात्री नवं घरटं करून झोपतो. पाठीवर चंदेरी केस असलेला नर कुटुंब सांभाळतो. तिचा लाडका नर होता डिजिट. १९७७ च्या ३१ डिसेंबरला चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारलं. तो त्यांना अडवून उभा राहिला, म्हणून बाकीचं कुटुंब निसटलं. त्याचं डोकं आणि हात कापून नेले होते. आठ वर्षांनी फॉसीचाही तिच्या केबिनमध्ये खून झाला.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात उरले होते साधारण २५०.

इथे माझ्यातला इंजिनिअर दचकतो, कारण या सिस्टीमला बॅकअप नाही. तुम्ही म्हणाल, म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आहेत की गोरिला! ते सखल भागातले, वेगळे. माउंटन गोरिला आज कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. जे आहेत ते त्या डोंगरांत आणि युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात. त्यात मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होतं. एक मादी गेली, की ती भरून यायला कित्येक वर्षं जातात.

मग उपाय काय निघाला? लोकांना गोरिला दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. एका गटात जास्तीत जास्त आठ माणसं, एक तास, लांबूनच. लांबून, कारण आपली साधी सर्दीसुद्धा त्यांचा जीव घेऊ शकते. रवांडात आज या एका तासाचे १,५०० डॉलर लागतात आणि उद्यानांच्या उत्पन्नाचा १० टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो. सोबत पशुवैद्य डोंगर चढून जखमी गोरिलांवर उपचार करतात, रक्षक हरणांसाठी लावलेले फास रोज काढतात.

आकडा वाढला. २०१८ मध्ये हजाराच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी १,०६३ जाहीर झाला.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं, पण बिल कोणी भरलं? ब्विंडीच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बाट्वा लोक १९९१ मध्ये उद्यान झाल्यावर बाहेर काढले गेले. त्यांची जमीन गेली, शिकार गेली, औषधी झाडपाला गेला. विरुंगा उद्यानात आजवर २०० हून अधिक रक्षक मारले गेलेत. एकट्या २०२० च्या एप्रिलमधल्या एका हल्ल्यात १२.

न्डाकासीच्या आईचं काय झालं होतं? युद्धामुळे विस्थापित झालेल्या लाखोंच्या गोमा शहरात चूल पेटते लाकडी कोळशावर आणि तो कोळसा याच जंगलातून येतो. २००७ मध्ये गोरिलांचं जवळपास एक कुटुंबच गोळ्या घालून संपवलं गेलं. मांसासाठी नाही, प्रेतं तशीच पडली होती. संशय गेला कोळशाच्या धंद्यावर. जंगल राखणाऱ्यांना दिलेली ती धमकी होती.

कोविडमध्ये पर्यटन थांबलं आणि २०२० च्या जूनमध्येच ब्विंडीतला रफिकी नावाचा प्रसिद्ध नर शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. किती नाजूक आहे हे सगळं!

मला यातून एक गोष्ट कळली. गोरिला 'वाचले' असं म्हणता येत नाही. त्यांना रोज वाचवावं लागतं. आणि खालच्या गावातल्या माणसाकडे इंधन, जमीन, पगार नसेल, तर वरचं जंगल टिकत नाही.

न्डाकासी सप्टेंबर २०२१ मध्ये गेली, ज्या रक्षकाने तिला लहानपणापासून वाढवलं त्याच्याच कुशीत. १४ वर्षांची होती. तो सेल्फी पुन्हा समोर आला, तर फॉरवर्ड जरूर करा. फक्त ही गोष्टही सोबत सांगा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!