सूर्यप्रकाशातील चित्रीकरण, नासिक येथील
भिंग नसलेल्या सूचिछिद्र कॅमेऱ्यात सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून जेमतेम प्रकाश आत येतो. त्यामुळे फिल्म भर उन्हातही काही सेकंद उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यात समोरून चालत गेलेल्या माणसाची खूण चित्रात बहुधा उरत नाही. चलच्चित्रणात मात्र सेकंदाला सु. १६ चौकटी टिपाव्या लागत. भिंगामुळे हे साधले. तथापि त्या काळची फिल्म इतकी मंद असे की, सारी भिस्त सूर्यावरच राही. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे नासिकमधील मूकपट घडले ते अशा दिवसाच्या उजेडात.

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले. यंत्राची पारख म्हणून त्यांनी मुंबईत कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ महिनाभराहून अधिक काळ थोडीथोडी टिपली व तो लघुपट दाखवून भांडवल मिळविले. कच्ची फिल्म छिद्रांवाचून येई. अंधाऱ्या खोलीत ती छिद्रांकित करण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. छिद्रांतील अंतर चुकल्यास पडद्यावरील चित्र थरथरे. चित्रणाच्या वेळी ऊन परावर्तित करण्यासाठी त्या पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. हे घरकामातील साहाय्य नव्हे, तंत्रज्ञाचेच काम होय.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मुंबईत प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी फाळके नासिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘लंकादहन’ (१९१७) हे चित्रपट येथे तयार झाले. ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. तत्कालीन फिल्म निळ्या प्रकाशाला सहज, तर तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे आणि तांबडे वस्त्र काळे दिसे. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. तिचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा टिकून आहे.

इतर फिल्म मात्र फार थोडी उरली. ‘राजा हरिश्चंद्र’चा म्हणून जतन झालेला भाग १९१७ मध्ये नासिकला पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणाऱ्या एका लघुपटाचाही अंश उपलब्ध असून त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात.